क्राफ्टच्या वेषातली पिल्सनर: घोटाघोटाने ओळखायची रीत

वाइन शॉपच्या फ्रिजमध्ये हल्ली एक वेगळा खण दिसतो. खाकी कागदाचं वाटावं असं लेबल, हाताने काढल्यागत हॉपच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या) बोंडाचं चित्र, ‘स्मॉल बॅच’, ‘हँडक्राफ्टेड’ असले शब्द आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘पिल्सनर’, म्हणजे सोनेरी, कडवट बिअरचा एक प्रकार. किंमत नेहमीच्या लागरपेक्षा (थंडीत आंबवलेल्या साध्या फिकट बिअरपेक्षा) वर, मायक्रोब्रुअरीतल्या, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणच्या, ग्लासापेक्षा खाली. बनवणाऱ्याचं नाव मात्र मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. ते वाचलं की कळतं, ही तर त्याच मोठ्या कंपनीची, जिची साधी लागर शेजारच्याच खणात उभी आहे.

अशी बाटली घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. घेतलीच तर ती नीट चाखायची कशी, आणि आत खरोखर वेगळी बिअर आहे की फक्त वेष वेगळा आहे हे जिभेने ठरवायचं कसं, ते इथे सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. वेष लेबलला चढवता येतो, रंगाला चढवता येतो, वासालाही चढवता येतो. घोट गिळल्यानंतरच्या वीसेक सेकंदांना तो चढवणं फार अवघड असतं. त्यामुळे सगळी चाचणी त्या वीस सेकंदांकडे नेणारी हवी.

(महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी किमान वय 21 आहे. आणि चाखणं म्हटलं तरी ते पिणंच, तेव्हा त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.)

मोजपट्टी आधी ठरवा

अस्सल माहीत नसेल तर नक्कल ओळखणार कशी? बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, प्लझेन गावात 1842 साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), साझ जातीचे हॉप्स, क्षार अगदी कमी असलेलं तिथलं पाणी आणि थंडीत संथपणे काम करणारं लागर यीस्ट एकत्र आणलं. त्यातून सोनेरी, स्वच्छ, कडवट बिअर निघाली. ती आजही ‘पिल्सनर उर्केल’ या नावाने मिळते, अल्कोहोल 4.4 टक्के. आणि गंमत बघा, 2017 पासून तिची मालकी जपानच्या असाही या बड्या कंपनीकडे आहे. म्हणजे मालक मोठा म्हणून बिअर वाईट, असं गणित इथे पहिल्याच पायरीला मोडतं.

कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. स्पर्धांमध्ये परीक्षक वापरतात त्या निकषांनुसार साधी अमेरिकन लागर 8 ते 18 आयबीयू, जर्मन पिल्स 22 ते 40 आणि चेक पद्धतीची फिकट प्रीमियम लागर 30 ते 45. हे आकडे डोक्यात ठेवा. ‘पिल्सनर’ म्हणवणारी बिअर 15च्या आसपास रेंगाळत असेल, तर ती पिल्सनरच्या घरची नाही. नुसत्या शब्दाला फारसा अर्थ उरलेला नाही. अमेरिकेत ‘मिलर लाइट’सुद्धा स्वतःला उत्तम पिल्सनर म्हणवते. उलट चेक लोक प्लझेनच्या बिअरलाच ते नाव देतात आणि बाकीच्यांना नुसती फिकट लागर म्हणतात.

आता ‘क्राफ्ट’. अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींच्या संघटनेची, ब्रुअर्स असोसिएशनची, व्याख्या अशी: वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत उत्पादन, आणि क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी 25 टक्क्यांच्या आत. याच संघटनेने डिसेंबर 2012 मध्ये ‘क्राफ्ट’ आणि ‘क्राफ्टी’ (क्राफ्टचा आव आणणारी) असा भेद करून मोठ्या कंपन्यांना उघड टोकलं होतं. कूर्स या मोठ्या कंपनीने 1995 साली आणलेल्या ‘ब्लू मून’ बिअरवर मूळ कंपनीचं नाव ठळकपणे नसणं, हे त्या तक्रारीतलं ठरलेलं उदाहरण. पुढे कंपन्यांनी नक्कल करण्यापेक्षा ब्रुअरीच विकत घेणं पसंत केलं. एबी इनबेव्ह या बड्या बिअर कंपनीने 2011 मध्ये शिकागोची गूस आयलंड घेतली आणि 2015 मध्ये लंडनची कॅम्डेन टाउन.

हे सगळं भागभांडवलाचं भांडण आहे. ग्लासात भागभांडवल दिसत नाही. चाखायला बसलात की हा वाद बाजूला ठेवा, नाहीतर जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते.

दुकानात

बाटली हातात घ्या, समोरचं लेबल सोडा आणि मागचं वाचा. सगळ्यात आधी उत्पादनाची तारीख. लेबलवर सहा महिन्यांची मुदत असली तरी पिल्सनरचा हॉपचा वास त्याच्या कितीतरी आधी मावळायला लागतो. दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर बरी, चार महिने उलटलेली असेल तर चाचणीसाठी घेऊ नका. ब्रुअरींमध्ये एक ढोबळ नियम सांगतात: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस आणि 3 अंशांत 300 दिवस, तिन्हींत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. कोकणात किंवा गोव्यात एप्रिल-मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात रचलेले क्रेट आठवा, म्हणजे तारीख ताजी असूनही बिअर शिळी का लागते ते समजेल. फ्रिजमधलीच मागा, तीही काचेच्या दारापासून आतली.

काच कोणत्या रंगाची? हॉपमधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून एक उग्र, गांजाची आठवण करून देणारा वास तयार होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी बचाव करते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅन मिळत असेल तर डोळे झाकून कॅन घ्या.

मग अल्कोहोलचा आकडा. भारतात 5 टक्क्यांपर्यंत सौम्य आणि त्यापुढे 8 पर्यंत स्ट्राँग अशी विभागणी आहे, आणि इथे खपते ती बहुतेक स्ट्राँगच. पिल्सनर 4.4 ते 5.2च्या आसपास शोभते. ‘स्ट्राँग पिल्सनर, 7 टक्के’ असं काही दिसलं तर चाखायचीही तसदी नको, ती दुसरीच वस्तू आहे.

घटकांची यादी दिली असेल तर वाचा. तांदूळ, मका, साखर दिसली की नाक मुरडायची फॅशन आहे. ती मला पटत नाही, कारण तांदूळ घालूनही स्वच्छ, नेटकी लागर बनते आणि बडवायझर तर तांदूळ वापरल्याचं लपवतही नाही. पण लेबलवर ‘जुन्या युरोपीय परंपरेनुसार’ लिहायचं आणि मागे साखर घालायची, ही विसंगती नोंदवून ठेवा. ‘हॉप एक्स्ट्रॅक्ट’ हे शब्दही टिपून ठेवा, पुढे कामाला येतील.

आता खरेदीतली महत्त्वाची गोष्ट: एकटी संशयित बाटली आणू नका. सोबत त्याच कंपनीची साधी लागर घ्या. शक्य असेल तर तिसरी एखादी विश्वासाची पिल्सनर घ्या, आयात केलेली किंवा छोट्या ब्रुअरीच्या कॅनमधली. तिसरी मिळाली नाही तरी चालेल. दुसरी मात्र हवीच, कारण खरी तुलना तिच्याशीच आहे. पुणे, मुंबई किंवा बंगळूरला राहत असाल तर चाचणीच्या आदल्या आठवड्यात एखाद्या मायक्रोब्रुअरीत ताजी पिल्सनर पिऊन या, म्हणजे जिभेला आठवण राहील. पुण्यात 2009 मध्ये दूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात ही सोय हळूहळू वाढली आहे.

मांडणी

सारख्या आकाराचे काचेचे ग्लास घ्या, स्टीलचे नकोत. भांड्यांच्या साबणाचा नि तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि दोष बिअरला जातो. ग्लास मिठाने आतून चोळा, भरपूर पाण्याने धुवा, उपडे घालून वाळवा. परत ओला करून पाहिला तर पाण्याचा पडदा सलग उतरायला हवा. थेंब तुटून राहिले तर अजून चिकटपणा आहे. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेला ग्लास ही मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींनी लावलेली सवय आहे. अतिथंडीत चव बधिर होते आणि सपक बिअरला तेच हवं असतं. बाटल्या फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा. 6 ते 8 अंश हे तापमान चांगलं.

चखणा नंतर. शेव, मसाला शेंगदाणे, चकली, लोणचं यातलं काहीही चाचणीच्या वेळी समोर नको. साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा पावाचा मऊ भाग पुरे. अर्ध्या तासात चहा, पान, सिगारेट झालेली नसावी. घरात उदबत्ती किंवा फोडणीचा वास दरवळत असेल तर बाल्कनीत बसा.

प्रत्येकीची 90 मिली भरपूर झाली. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या.

डोळ्यांनी, पण पटकन

फिकट पेंढ्यापासून गडद सोन्यापर्यंत कोणताही रंग चालतो. तांबूस झाक असेल तर रंगासाठी काहीतरी घातलंय असा संशय घ्या, कारण ‘क्राफ्ट म्हणजे गडद’ अशी अनेक गिऱ्हाइकांची समजूत असते. गढूळपणाचंही तसंच. न गाळलेली पिल्सनर असते आणि चांगलीही असते. बाटलीचा पहिला अर्धा भाग हलक्या हाताने ओता, उरलेला बाटली घोळवून दुसऱ्या ग्लासात. यीस्ट तळाशी बसलेलं असेल तर दुसरा ग्लास जास्त गढूळ दिसेल. दोन्ही तंतोतंत सारखे धूसर दिसले तर तो धूसरपणा मुद्दाम राखलेला असू शकतो. पुरावा नव्हे, खूण.

फेसावर फार विसंबू नका. हॉपचे काही प्रक्रिया केलेले अर्क उजेडापासून बचाव करतात आणि फेसही घट्ट धरतात, त्यामुळे दाट फेस विकत घेता येतो.

नाक

ग्लास हलकेच घोळवा, दोन-तीन छोटे श्वास घ्या, बाजूला ठेवा. लांब श्वास घेत बसलं की नाक थकतं. मग विचारा: दोन थर आहेत का? पिल्सनरमध्ये खाली माल्टचा थर असतो, ताज्या पावाचा, साध्या बिस्किटाचा, कधी किंचित मधाचा. वर हॉपचा थर असतो. साझ, हालरटाऊ, टेटनांग, श्पाल्ट या जुन्या युरोपीय हॉप्सचा वास फुलांकडे, वाळल्या गवताकडे, थोडा मिरीकडे झुकतो. आंबा, पपनस किंवा पेरू दरवळला, तर अमेरिकन पद्धतीचे हॉप्स वापरलेत.

ते वापरणं हा गुन्हा नाही. इटलीतल्या बिरिफिचो इतालियानोने 1996 मध्ये ‘टिपोपिल्स’ बनवताना पिल्सनरला ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे हॉप्स न उकळता नंतर घातले, आणि त्यातून एक अख्खी शैली उभी राहिली. पण तिथे वासामागे चवही येते. नकली वेषातल्या बिअरमध्ये वास लग्नाच्या दारात शिंपडलेल्या गुलाबपाण्यासारखा असतो: आत शिरताना जाणवतो, पंगतीत बसेपर्यंत विरलेला असतो. म्हणून पहिला वास नोंदवा आणि दहा मिनिटांनी त्याच ग्लासाचा पुन्हा घ्या. माल्टचा थर अजून आहे का? हॉपचा वास कमी झालाय की पुरता गेलाय? साध्या लागरच्या शेजारी धरून बघा. दहा मिनिटांनी दोघी सारख्याच वासाच्या वाटू लागल्या, तर अर्धा निकाल लागला.

घोट आणि ते वीस सेकंद

तोंडभर नको, चमचा-दोन चमचे घ्या. जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वाइन चाखणारे थुंकतात, पण बिअरमध्ये गिळल्याशिवाय मागून नाकात येणारा वास नीट कळत नाही.

गिळल्याबरोबर मनात आकडे मोजायला लागा. चांगल्या पिल्सनरमध्ये आधी माल्टचा गोडसरपणा येतो, तीन-चारच्या सुमाराला कडवटपणा चढतो, दहा-पंधरापर्यंत टिकतो आणि मग स्वच्छ उतरतो. तोंड कोरडं राहतं आणि दुसऱ्या घोटाची इच्छा होते. नकलेत दोन प्रकार दिसतात. एकात वास भरपूर, पण कडवटपणा पाचापर्यंतच संपतो आणि मागे किंचित चिकट गोडवा राहतो. दुसऱ्यात कडवटपणा आहे, पण एकटाच. तो सुरुवातीलाच येऊन उभा राहतो, माल्टशी त्याचं काही बोलणं होत नाही.

कारल्यामेथीवर वाढलेल्या माणसाला कडू ओळखायला शिकवावं लागत नाही. गल्लत होते ती कडू आणि तुरट यांत. हिरड्या आणि गालाची आतली बाजू आवळल्यासारखी वाटली, जांभळाने किंवा सुपारीने होतं तसं, तर तो तुरटपणा आहे. धान्याच्या सालीतून नको ते जास्त निघालं की तो येतो. हॉपच्या कडवटपणात तो जमा करू नका.

कोमट आणि शिळी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मला विचाराल तर सगळी मेख इथेच आहे. प्रत्येक बिअरची 60 मिली दोन ग्लासांत पाच-सहा वेळा उलटसुलट ओता, म्हणजे वायू निघून जाईल. मग बशीने झाकून अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासाने ती खोलीच्या तापमानाला आलेली, बुडबुडे गेलेली, दिसायला दीनवाणी असेल. तिचे दोन घोट घ्या.

थंडपणा गोडवा आणि दोष दोन्ही झाकतो. कार्बन डायऑक्साइडचा चुरचुरीतपणा कडवटपणाचं सोंग आणतो. दोन्ही काढून घेतले की बिअरचं हाड उरतं. चांगली पिल्सनर या अवस्थेतही पावासारखी लागते, कडवटपणा जागेवर असतो. आवडणार नाही, पण समजेल. पोकळ बिअर एकदम पाणचट आणि गोड होते.

आता कंपनीची साधी लागर याच अवस्थेत चाखा. मोठ्या ब्रुअरीत बिअर बऱ्याचदा जास्त तीव्र आंबवतात आणि मग ऑक्सिजन काढलेलं पाणी घालून हव्या त्या टक्क्यावर आणतात. टाकीची जागा वाचते, खर्च वाचतो, आणि एकाच मूळ बिअरला निरनिराळे फाटे फोडणंही शक्य होतं: इथे हॉपचा अर्क, तिथे थोडा रंग. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. पण कोमट आणि शिळ्या अवस्थेत दोघींचं अंग सारखं, गोडवा सारखा आणि शेवटही सारखा लागला, तर तुम्ही जास्तीचे पैसे लेबलला आणि वासाला दिलेत असं मानायला हरकत नाही.

जाता जाता. बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी घालून ‘ग्लिसरीन काढणारे’ मित्र प्रत्येक कंपूत असतात. तो तरंगत उतरणारा जाड धागा ग्लिसरीनचा नसतो. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि प्रथिनं असल्याने ती पाण्यापेक्षा जड असते, म्हणून खाली उतरते आणि पाणी बाटलीत वर चढतं. त्या प्रयोगाने फक्त बिअर पातळ होते.

डोळे झाकून

इतकं झाल्यावर आपल्याला वाटतं, कळलं. तपासून बघा. घरातल्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक बिअर, एकात दुसरी. कोणती कुठे ते तुम्हाला माहीत नको, ग्लासच्या बुडाला खुणा करून ठेवायच्या. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. रंग वेगळा असेल तर दिवा मालवा किंवा डोळे बांधा.

नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जिंकून उपयोग नाही. पाच फेऱ्या करा, प्रत्येक घोट छोटा, दर वेळी मांडणी बदललेली. पाचपैकी किमान चारदा बरोबर आलं तर फरक खरा आहे, कारण निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. तीनदाच आलं तर दोन बिअरमध्ये तुम्हाला कळणारा फरक आहे असं म्हणता येत नाही, लेबल काहीही म्हणो.

दोष कुणाचा

काही वास नक्कल-असल याच्याशी संबंधित नसतात, ते वेगळे काढा. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर ऑक्सिजनने शिळी झाली. तो आणि वर सांगितलेला उजेडाचा उग्र वास हे बहुधा वाहतुकीचे आणि दुकानाचे पाप असतात. दुसरी बाटली दुसऱ्या दुकानातून आणा.

उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास कमी उकळलेल्या माल्टमधून येतो. फिकट लागरमध्ये पुसटसा चालतो, ठळक नको. पॉपकॉर्नवरच्या बटरचा आणि हिरव्या सफरचंदाचा वास मात्र बघण्यासारखे आहेत. दोन्ही आंबवण्यात तयार होतात आणि थंडीत मुरू दिलं की यीस्ट ते बरेचसे परत संपवतं. टाकीत काही आठवडे पडून राहणं महाग असतं. ‘संथपणे मुरवलेली’ असं छापलेल्या बाटलीत हिरवं सफरचंद ठळक लागलं, तर घाई झाली आहे. आणि हे छोट्या ब्रुअरीतही घडतं, किंबहुना तिथे जास्त. स्वच्छता आणि सातत्य यात मोठे कारखाने सहसा पुढेच असतात.

नोंद

वहीत प्रत्येक बिअरबद्दल चार ओळी पुरतात: पहिला वास, दहा मिनिटांनंतरचा वास, कडवटपणा कितीपर्यंत टिकला, कोमट झाल्यावर काय उरलं. शेजारच्याशी बोलण्याआधी लिहा, कारण एकाने ‘आंबा’ म्हटलं की सगळ्यांना आंबाच लागतो.

निकाल तीन तऱ्हेचे निघतील. वास आणि शेवट दोन्ही साध्या लागरपेक्षा वेगळे आणि आकड्यांत बसणारे: मग कंपनी कितीही मोठी असो, ती पिल्सनर आहे, घ्या. वास वेगळा पण शेवट तोच: उन्हाळ्यात तळलेल्या बोंबलांबरोबर गार पिण्यापुरती ठीक, जास्तीची किंमत मोजण्याइतकी नाही. वास, घोट, कोमट अवस्था, कशातच काही वेगळं नाही: पुढच्या वेळी शेजारच्या खणातली उचला.

‘स्मॉल बॅच’ हा दावा तपासायचा असेल तर बॅच नंबर आणि तारीख लिहून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या बॅचची, तितकीच ताजी बाटली आणून हीच उजळणी करा. छोट्या बॅचमध्ये माल्टचा, हॉपचा थोडा चढउतार जाणवू शकतो. मोठ्या कारखान्यात अनेक बॅचेस एकत्र मिसळून तो चढउतार मुद्दाम पुसतात. दोन्ही बाटल्या डोळे झाकून ओळखता आल्या नाहीत, तर बॅच किती ‘स्मॉल’ होती याचा अंदाज करता येईल.